खाडीच्या पाण्याची फाईल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. वाडीत सगळे म्हणतात, तो मला आईकडून आलाय. आईला हे मान्य नाही. ती म्हणते, "माझो राग कामाचो. तुझो नुसतोच धूर." मी मालवणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे तेव्हाची गोष्ट आहे, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. त्या आठवड्यात माझा सगळा राग एका फाईलवर निघत होता, आणि फाईल कॉम्प्युटरातली असल्यामुळे तिच्या थोबाडीत मारायचीही सोय नव्हती.

आमचं घर तारकर्लीजवळ, कर्लीच्या खाडीकाठी. बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचे आणि आई तिसऱ्या काढायची. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी खाली गेलं, की वाडीतल्या बायका मांडीभर पाण्यात उतरायच्या, वाकून वाळूत बोटं घालायच्या आणि शिंपले उकरून टोपलीत टाकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणच्या बाजारात त्यांचे वाटे लागायचे. माझं शिक्षण, पुण्यातली माझी दोन वर्षं, अंगावरचे कपडे, सगळं त्या टोपल्यांतून आलेलं. त्यामुळे 'आई काय करते' असं कोणी विचारलं की मी मोठ्यानेच सांगते.

त्या वर्षी मार्गशीर्षात खाडीचं पाणी तांबडं-तपकिरी झालं. कोऱ्या चहासारखं. आधी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मग वरच्या वाडीतलं एक पोर तिसऱ्या खाऊन ओकलं, आणि एकदम बोभाटा झाला. खाडीत वीख इला! दोन दिवसांत ही गजाल बाजारात पोचली. गिऱ्हाइकं वाट्यांकडे बघायची, नाक मुरडायची आणि पुढे जाऊन बांगडे घ्यायची. वाडीतल्या बायका टोपल्या पालथ्या घालून घरी बसल्या.

मीही त्यांना बसाच म्हणून सांगितलं होतं. पाण्याला असा रंग येतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमुळे. त्यातले बहुतेक गरीब बिचारे असतात, पण एखादी जात विषारी निघते. तिसरी दिवसभर पाणी गाळून पोट भरते, म्हणून ते विष तिच्या पोटात साठतं. ते उकळून जात नाही, कोकम घालून जात नाही, कशानेच जात नाही. आणि नुसत्या ओकारीवर भागत नाही. आधी ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग श्वास. हे मी बायकांना पिंपळाखाली बसवून सांगितलं. मी वाडीतलीच, म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. बाहेरच्या कोणी सांगितलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

बायकांनी देवळात जाऊन कौलही लावला. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या आणि उजवी पाकळी पडली. म्हणजे देवाचा होकार. तरी एकही बाई पाण्यात उतरेना. शेजारची काकी, जिची जीभ आमच्या अख्ख्या वाडीला पुरते, ती म्हणाली, "देवान उजवो दिल्यान, तां बरा. पण देव काय तिसऱ्यो खाता?"

त्यावर सगळ्या हसल्या, पण उतरली कोणीच नाही. आणि तेव्हा आमची आई उठली. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "बुधवारी मी खातंय. आमच्या खळ्यात, दुपारच्या जेवणाक, तुमच्या सगळ्यांच्या समोर. जगलंय तर शुक्रवारी तुम्ही पाण्यात उतरा. मेलंय तर चेडवाचा आयका."

चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

घरी आल्यावर मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "आये, तुका येड लागला काय गो?" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. आई शांतपणे तांदूळ निवडत बसली होती. तिचं उत्तर एकच. "कोणीतरी खाऊक व्हयाच. दुसऱ्याच्या पोराक खावक घालू काय?" मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "माझ्याकडे काय बघतंस? पस्तीस वर्सां मी तिका काय सांगलंय आणि तिना आयकल्यान, असा एकदा तरी झाला काय?" आणि ते जाळं शिवायला निघून गेले.

माझ्याकडे एकच उपाय होता, आणि तो मी आधीच केला होता. खाडीचं पाणी बाटल्यांत भरलं होतं. नुसत्या पाण्यात काही नाही सापडलं म्हणजे तिसऱ्यांतही नाही, असं होत नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणच्या तिसऱ्या फोडून त्यांची पोटं पिळून तेही वेगळ्या बाटल्यांत घातलं होतं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मला तपकिरी, गोलसर, कवचवाले जीव दिसले. इथेच घोडं पेंड खात होतं. असे गोलसर कवचवाले दोन आहेत, जुळ्या भावांसारखे. एक विषारी, दुसरा अगदी निरुपद्रवी. निरुपद्रवी भावाच्या टोकाला एक बारीकशी शेंडी असते आणि कवचाचे तुकडे जरा वेगळे जुळलेले असतात. आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला ती शेंडी दिसणं शक्य नव्हतं. त्याला भिंतीवरची पाल दिसली तरी खूप.

पुण्याला माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत होता. त्यांच्याकडे नवा मायक्रोस्कोप आला होता. कवचाला रंग लावायचा, त्यावर प्रकाश टाकायचा, की कवच निळं चमकतं, आणि तो यंत्रबाबा वरपासून खालपर्यंत एकेका थराचा फोटो काढतो. मी बाटल्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवल्या होत्या. आमच्याकडे लग्नाच्या साड्यांपासून औषधापर्यंत सगळं असंच जातं; ड्रायव्हरच्या हातात द्यायचं आणि पलीकडच्या माणसाने स्टँडवर उभं राहायचं. रविवारी परतीच्या गाडीने सीडी आली. मी मालवणच्या स्टँडवर ती घेतली आणि हायसं वाटलं. म्हटलं, चला, दोन दिवस हातात आहेत. उघडायचं, बघायचं, आईला सांगायचं.

सोमवारी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सीडी घातली. आत एकच फाईल, एवढी मोठी की कॉम्प्युटर ती उतरवून घेताना घरघरायला लागला. तिच्या नावामागे तीन अक्षरं होती, जी मी जन्मात पाहिली नव्हती. फोटो बघायच्या प्रोग्रॅमला ती कळेना. माझ्याकडे पुण्याहून आणलेला एक मोफत प्रोग्रॅम होता, शास्त्रातली चित्रं मोजायचा, मापायचा. त्याला दिली. तो म्हणाला, ही फाईल मला ओळखता येत नाही.

गोव्याला फोन लावला. पलीकडून कोणीतरी सांगितलं की मित्र आदल्याच दिवशी नमुने गोळा करायला जहाजावर गेला आणि पंधरा दिवस येणार नाही. फाईलचं विचारलं तर म्हणाले, "ती त्या मायक्रोस्कोपच्या प्रोग्रॅममध्येच उघडते, बाई. तो फक्त इथल्या मशीनवर आहे, आणि चावी त्याच्याकडे." मी फोन आपटला. आवशीक खाव! वरात आली आणि नवरा गायब!

गोव्याला जाऊन काही उपयोग नव्हता, दुसरीकडे बाटल्या पाठवायला वेळ नव्हता. मग मी त्या मोफत प्रोग्रॅमचा एकेक मेनू उघडून बघायला लागले. आणि त्याचं एक मागचं दार सापडलं. फाईलचं नावगाव न विचारता तिच्यातले नुसते आकडे वाचायचे आणि त्यांचं चित्र मांडायचं. मात्र कसं मांडायचं ते आपण सांगायचं. एका ओळीत ठिपके किती, ओळी किती, एका ठिपक्यासाठी किती जागा घेतलीय, आकड्याचा मोठा भाग आधी लिहिलाय की धाकटा, आणि फाईलच्या सुरुवातीचा किती मजकूर सोडून द्यायचा. पाच प्रश्न, आणि पाचांपैकी एकाचंही उत्तर मला ठाऊक नव्हतं.

अंदाजाने आकडे घातले. पडद्यावर तिरक्या रेघा आल्या, वाऱ्याने फरफटलेल्या जाळ्यासारख्या. दुसरे घातले, वेगळ्या तिरक्या रेघा. पंगतीत एक पान जास्त मांडलं की पुढच्या सगळ्यांची पानं सरकतात, तसं होत होतं. मी आकडे बदलत होते, रेघा कधी डावीकडे झुकत होत्या, कधी उजवीकडे, आणि मी त्या पडद्याला मालवणीत काय काय ऐकवत होते. शेजारच्या टेबलावरचे सर हळूच उठून दुसऱ्या खोलीत गेले. मग लाईट गेली. तेव्हा आमच्याकडे भारनियमन होतं आणि दुपारची लाईट जायची ती जायचीच. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, मी घामाघूम.

संध्याकाळी घरी आले तर आई विचारते, "उघडली तुझी फाईल?" मी म्हटलं, "नाय." ती म्हणाली, "बरा. जेवक बस." जसं काही मी सुईत दोरा ओवत होते आणि तो गेला नाही! मला रडूच आलं. म्हटलं, "आये, दोन दिवस थांब ना गो. आठवडाभर थांब." तर म्हणाली, "आठवडो थांबलंय तर वाडीतल्यो बायलो मुंबयक भांडी घासूक जातल्यो. दोघी इचारतत पण." हे खरं होतं. काकीची सून बॅग भरून बसलीय हे मलाही कळलं होतं.

मंगळवारी मला एक सुचलं. ती फाईल मी साध्या नोटपॅडमध्ये उघडली, ज्यात आपण अर्ज टाईप करतो. पडद्यावर चौकोन, उलटे स्वल्पविराम, ग्रीक-बिक अक्षरं, नुसता कचरा. पण कचऱ्याच्या अगदी वरच्या भागात मधेच धड इंग्रजी शब्द होते. भिंगाचं नाव होतं. रंगाचं नाव होतं. आणि थोडं खाली, दोनदा, एकच आकडा: पाचशे बारा. पाठोपाठ सगळ्या बाटल्यांतल्या जीवांचे मिळून किती थर, ती संख्या. मी खुर्चीतच उडी मारली. यंत्राने स्वतःच सगळं लिहून ठेवलं होतं, नुसतं आपण वाचायचं!

रुंदी पाचशे बारा, उंची पाचशे बारा. तिरक्या रेघा गेल्या. आता मीठ-मिरी सांडल्यासारखे ठिपके दिसायला लागले. मोठा-धाकटा उलटा केला आणि ठिपके निवले, एक मऊसा गोळा दिसला, पण मधोमध कापलेला. अर्धा डावीकडे, अर्धा उजवीकडे. म्हणजे सुरुवातीचा सोडायचा मजकूर चुकत होता. कॅल्क्युलेटर घेतला. सगळ्या थरांना किती जागा लागेल ते काढलं, फाईलच्या आकारातून वजा केलं. उत्तर उणे आलं. पुन्हा केलं. पुन्हा उणेच. थरांना जेवढी जागा लागते तेवढी फाईलमध्ये नाहीच, असं कसं? तेवढ्यात लाईट गेली आणि ती संध्याकाळपर्यंत आली नाही. कॉलेजला कुलूप लागलं. शिपायाने बाहेर काढलं तेव्हा मी त्याच्यावरही ओरडले. त्याचा काय दोष होता, देव जाणे.

बुधवारी सकाळी आठलाच मी कॉलेजच्या दारात होते. घरातून निघताना आई टोपली घेऊन खाडीकडे चालली होती. एकटीच. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मी टोपली हिसकावून घेतली असती आणि वाडीभर तमाशा झाला असता.

कॉम्प्युटरसमोर बसल्यावर आधी पुन्हा नोटपॅड उघडलं आणि थरांचा आकडा नीट वाचला. मी घाईत त्याच्या शेजारचा आकडा धरला होता. तो भिंगाचा होता. खरा थरांचा आकडा लहान होता. पुन्हा वजाबाकी केली, तर या वेळी भलतंच जास्त उरलं. चित्रांना लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट जागा फाईलमध्ये होती. मी तशीच सगळी चित्रं आत घेतली आणि एकामागून एक सरकवायला लागले. एकात निळी चमकणारी कवचाची जाळी. पुढच्यात जाळी नाही, नुसता भरीव गोळा. पुढच्यात पुन्हा जाळी. पुढच्यात गोळा. माझं डोकं गरगरलं. म्हटलं, दोन वेगळे जीव एकमेकांत मिसळले का? की फाईलच नासली?

आणि मग लख्ख कळलं. बाजारात बाई दोन वाटे घालते तेव्हा एक पुरा करून दुसरा करत नाही. एक मूठ याला, एक मूठ त्याला, असंच घालत जाते. यंत्राने तसंच केलं होतं. प्रत्येक थराचे दोन फोटो, एक कवचाच्या रंगाचा आणि एक आतल्या हिरव्या द्रव्याच्या चमकेचा, लागोपाठ घातलेले. म्हणून दुप्पट! दोन्ही वाटे धरून हिशोब केला तर सुरुवातीचा मजकूर नेमका जेवढा उरायला हवा तेवढाच उरला. मी एकाआड एक फोटो वेगळे काढले, निळे एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे. निळ्यांतले पहिल्या जीवाचे सगळे थर एकावर एक ठेवून त्यांचं एकच चित्र करायला प्रोग्रॅमला सांगितलं.

आणि दिसली. टोकाला बारीकशी, अगदी नाजूक शेंडी.

मी ओरडले. खरंच ओरडले. पुस्तकातल्या चित्राशी कवचाचे तुकडे एकेक करून ताडून पाहिले. जुळले. मग दुसरा जीव पाहिला, तिसरा पाहिला, तिसऱ्यांच्या पोटातले पाहिले, पाण्यातले पाहिले. फाईलमध्ये होते तेवढे सगळे पाहिले, कारण एकाला जरी शेंडी नसती तर मला गप्प बसता आलं नसतं. सगळे शेंडीवाले. सगळे निरुपद्रवी. ते पोर दुसऱ्याच कशाने तरी ओकलं असणार. माझा जीव भांड्यात पडला. वर बघितलं तर घड्याळात पावणेबारा.

घरी फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. स्कूटी काढली आणि तारकर्लीच्या रस्त्याला लागले. त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, नारळांचा टेम्पो, आरामात मधोमध चाललेल्या म्हशी. प्रत्येकाला मी शिव्या दिल्या आणि प्रत्येक शिवीबरोबर मला हसू येत होतं. खाल्लं असलं तरी काही होणार नाही, हे मला आता माहीत होतं. तरी मी स्कूटी पळवत होते.

खळ्यात, आमच्या अंगणात, वाडीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. काकीसुद्धा गप्प. मधोमध आई पाटावर, पुढ्यात थाळी, थाळीत तिसऱ्यांचं सुकं, वर किसलेलं खोबरं. अजून हात लावलेला नव्हता. बाबा कुंपणाशी, सगळ्यांकडे पाठ करून उभे होते. मी स्कूटी तशीच आडवी टाकली आणि म्हटलं, "आये, वीख नाय! मी बघलंय. एकातय नाय. सगळे बरे आसत."

बायका एकदम कुजबुजायला लागल्या. आईने हात वर केला, तशा गप्प झाल्या. तिने मला विचारलं नाही की काय दिसलं, कसं दिसलं. फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं.

"खात्री आसा?"

"आसा."

"मग बस हयसर. पयलो घास तू खा."

मी बसले. खरं सांगते, क्षणभरही विचार केला नाही. मला ती शेंडी दिसली होती. एक तिसरी उचलली, शिंपला उघडला आणि तोंडाकडे नेला. तो ओठाला लागणार एवढ्यात आईने माझं मनगट धरलं. घट्ट. दुसऱ्या हाताने माझ्या बोटांतून शिंपला काढून घेतला, त्यातला गर स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावला. मग दुसरा. मग तिसरा.

"उठा गो," ती बायकांना म्हणाली. "माका बघूक व्हया होता तां बघलंय. चेडू खाऊक बसला. टोपल्यो काढा."

बायका उठल्या. काकी म्हणाली, "शिरा पडो तुझ्या तोंडार, केवढा घाबरयलंस!" आणि हसता हसता तिने डोळे पुसले. बाबा कुंपणाशी अजून पाठमोरेच होते.

मी रागाने आईला म्हटलं, "माका पण खाव दे मां! सांगलंय ना, वीख नाय म्हणान!"

आईने थाळी माझ्याकडे सरकवली नाही. ती जेवत राहिली, आणि तिचा हात अजून माझ्या मनगटावरच होता. तो थंडगार होता. बुधवारी खाते असं तिने सगळ्यांना सांगितलं त्या दिवसापासून मी समजत होते की आईला भीती वाटतच नाही.

"तू मागसून खा," ती हळूच म्हणाली. "आधी माका काय होता काय, तां वायच बघूया."

मग आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, तिचं काही होत नाही हे नीट बघत. आणि खरंच काही झालं नाही.